आधी पाहा, मग विचारा, मग मोजा
रुग्ण तपासणीचा पहिला धडा : नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

रांजणगावात लोक दर्शनाला येतात ते महागणपतीच्या, आणि पोटासाठी येतात ते एमआयडीसीत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली आपली कितीतरी कुटुंबं इथल्या वस्त्यांत, भाड्याच्या खोल्यांत राहतात. आई कंपनीत साफसफाईला, बाप लाइनवर कंत्राटी कामगार आणि मुलगी एएनएम नाहीतर जीएनएमला, असं घर आता आपल्यात नवलाचं राहिलेलं नाही.

मुलगी पहिल्या वर्षाला गेली की महिन्याभरात वस्ती तिला सिस्टर करून टाकते. संध्याकाळी ती कॉलेजातून येऊन चहाचा कप हातात घेते, तोच दारात शेजारची काकू उभी. "अगं, जरा येऊन बघ ना, सासूबाईंना कसंतरीच होतंय." मुलगी जाते. दहा जण गोळा झालेले असतात. सगळे तिच्या तोंडाकडे बघतात. आणि तिला कळत नाही, बघायचं म्हणजे नेमकं बघायचं काय?

आजचा धडा त्या मुलीसाठी आहे. घरच्यांनीही तो वाचावा, कारण मुलगी घरी नसेल तेव्हा आजारी माणसाजवळ तुम्हीच असणार आहात.

थर्मामीटर पोचला, हात पोचला नाही

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तरांची हकिकत दिली आहे. मास्तरांचं ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. मास्तरांची बायको बाळंत झाली. दोन दिवसांनी तिला जुलाब सुरू झाले, अंगातलं बळ गेलं, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाला, मी त्या वस्तीत येणार नाही. मास्तरांनी गावातल्या मोठ्या लोकांचे पाय धरले. दोन रुपये फीची हमी नगरशेठनं घेतली, तेव्हा कुठे डॉक्टर यायला तयार झाला. तेही एका अटीवर, की बाई वस्तीबाहेर आणायची.

ओल्या बाळंतिणीला तान्ह्या बाळासकट वस्तीबाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं तो मास्तरांना दिला, मास्तरांनी बायकोला लावला. मग त्याच वाटेनं तो परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया आहे असं सांगितलं आणि निघून गेला. औषध पाठवलं, पण पुन्हा बघायला आला नाही. ती बाई वाचली नाही.

आपण ही हकिकत अस्पृश्यतेची म्हणून वाचतो, आणि ती तशीच आहे. पण नर्सिंगच्या मुलींनो, ती रुग्ण तपासणीचीही हकिकत आहे. त्या डॉक्टरनं फक्त एक आकडा पाहिला. बाई मिनिटाला किती श्वास घेते ते मोजलं नाही. नाडीवर बोट ठेवलं नाही. ओठांचा रंग, जिभेची कोरड, पोट, अंगावरून किती जातंय, बाळ दूध ओढतंय का, यातलं काही पाहिलं नाही. हात न लावता केलेली तपासणी ही तपासणी नव्हे.

त्याच्या बत्तीस वर्षं आधी, १८९७ मध्ये, आपल्याच पुणे जिल्ह्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक पोरगा आजारी असल्याचं सावित्रीबाईंना कळलं. त्यांनी त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आज आपल्याला मास्क, हातमोजे, साबण उपलब्ध आहे. सावित्रीबाईंसारखं जवळ जायचं, पण ही काळजी घेऊन जायचं.

दारातूनच सुरुवात

खोलीत शिरल्या शिरल्या थर्मामीटर काढू नका. दारात क्षणभर थांबा आणि डोळ्यांनी तपासा. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

पहिलं, तुम्हाला स्वतःला धोका आहे का? उघडी वायर, गॅसचा वास, सांडलेलं रसायन. एमआयडीसीच्या आजूबाजूला हे विसरू नका.

दुसरं, माणूस जागा आहे का? याच्या चार पायऱ्या आहेत. आपणहून जागा आणि नीट बोलणारा, हाक मारल्यावर डोळे उघडणारा, चिमटा काढल्यावरच हलणारा आणि कशालाच न हलणारा. तुमच्या पुस्तकात याला एव्हीपीयू म्हणतात. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज नातवाला ओळखत नसेल, भलतंच बोलत असेल, तर "वय झालं, असं व्हायचंच" म्हणून सोडू नका. नव्यानं आलेला गोंधळ ही धोक्याची खूण आहे.

तिसरं, श्वास कसा चाललाय? एक वाक्य सलग बोलता येतंय का, की दोन-दोन शब्दांवर थांबावं लागतंय? पुढे वाकून, हात टेकून बसलाय का? घशातून घरघर किंवा शीळ येते का?

चौथं, रक्त कुठून जातंय का? अंथरूण ओलं आहे का? पांघरुणाखाली पाहिल्याशिवाय नाही म्हणू नका.

यातलं काहीही बिघडलेलं दिसलं, तर पुढची तपासणी करत बसायचं नाही. आधी एकाला १०८ ला फोन लावायला सांगायचं. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात पाणी घालू नका. झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. तो श्वासच घेत नसेल किंवा नुसत्या आचक्या देत असेल, तर कॉलेजात शिकवल्याप्रमाणे लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

विचारणं

धोका नसेल तर हात साबणानं धुवा. रुग्णाजवळ खाली बसा, उभ्यानं बोलू नका. आपलं नाव सांगा. "आजी, मी हात लावून बघू का?" असं विचारा आणि होकार आल्यावरच हात लावा. कोणाची परवानगी न घेता अंगाला हात लावायचा हक्क पांढऱ्या कपड्यानं मिळत नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत आडोसा मिळणं अवघड असतं. तरी गर्दी बाहेर काढा. एका बाईला साडी धरून उभं करा. पाळी, गर्भ, अंगावरून जाणं, मार, दारू हे प्रश्न सासू, नवरा किंवा शेजारीण समोर असताना विचारले तर उत्तर खोटंच येणार. ती चूक रुग्णाची नसते, विचारणारीची असते.

काय विचारायचं ते लक्षात ठेवायला सोपं आहे. काय होतंय? कधीपासून? एकदम झालं की हळूहळू? वाढतंय, कमी होतंय, की तसंच आहे? कशानं वाढतं, कशानं बरं वाटतं? आधी असं झालं होतं का? साखर, बीपी, दमा, टीबी, फिट्स आहेत का? कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि आज घेतल्या का? कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती का? शेवटचं काय खाल्लं, किती वाजता? लघवी शेवटची कधी झाली?

आपल्या भागात आणखी एक प्रश्न हवाच: काम काय करता? पेंट शॉपला, वेल्डिंगला, भट्टीजवळ की ऊसतोडीला? आज डबल शिफ्ट झाली का? डोकं दुखतंय, मळमळतंय असं सांगणारा माणूस उन्हात पाणी न पिता राबला असेल, किंवा वाफेत काम करून आला असेल. सोबतच्या आणखी कोणाला तसंच होतंय का, तेही विचारा. कामाचं विचारलं नाही तर आजार कळत नाही.

दुखणं किती आहे हे शून्य ते दहात सांगायला लावतात. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. त्यांना विचारा, "रुपयात किती आणे दुखतंय?" ती लगेच सांगतात, "बारा आणे." ते बारा आणे लिहून ठेवा आणि तासाभरानं पुन्हा विचारा.

विनयपिटकात चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत. त्यातला एक असा की, त्यानं शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार आहे तसा सांगावा. वाढत असेल तर वाढतोय, उतरत असेल तर उतरतोय, जैसे थे असेल तर जैसे थे. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंना सांगितलेली ही गोष्ट आजच्या वॉर्डातही तशीच लागू आहे. पण रुग्ण खरं तेव्हाच सांगतो, जेव्हा ऐकणारी रागावत नाही. "एवढे दिवस काय झोपला होता?" हे वाक्य तोंडातून निघालं की पुढचं सगळं लपवलं जातं. रोजंदारी बुडेल म्हणून तो आला नव्हता, हे आपल्याला न सांगता कळायला हवं.

मोजणं : सगळ्यात आधी श्वास

इथे मला माझी चूक सांगायची आहे.

पहिल्या वर्षाला असताना मी एका वॉर्डात ड्यूटीला होते. चार्ट भरायचे होते आणि खाटा खूप होत्या. नाडी आणि ताप मी नीट घेतला. श्वासाच्या रकान्यात मात्र सगळ्यांना २० लिहीत गेले. आधीच्या पाळीतही २० च लिहिलेलं होतं. कुणी काही म्हणत नव्हतं. तिसऱ्या खाटेवर एक आजी होत्या, खोकल्यासाठी भरती झालेल्या. चार तासांनी इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या. आजींकडे बघितलं, चार्टकडे बघितलं आणि माझा हात धरून मला खाटेपाशी उभं केलं. म्हणाल्या, "घड्याळ बघ आणि मोज." मी मोजलं. ३४ भरले.

डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, आजींना आयसीयूत हलवलं. काही दिवसांनी त्या घरी गेल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या, त्यांना काही माहीत नव्हतं. त्या चार तासांचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आपण रोज चौथं शील म्हणतो, खोटं बोलणार नाही म्हणून. न मोजता लिहिलेला आकडा हेही खोटं बोलणंच आहे, आणि त्यात माणूस जाऊ शकतो.

श्वास असा मोजा. रुग्णाला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी पाहून झाली की मनगट सोडू नका. नाडीच बघताय असं भासवून छातीचं किंवा पोटाचं वर-खाली होणं पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. मोठ्या माणसाचा श्वास आरामात असताना मिनिटाला १२ ते २० असतो. २१ ते २४ असेल तर लक्ष ठेवून पुन्हा मोजा आणि कळवा. २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी असेल तर थांबू नका.

लहान मुलांचे आकडे वेगळे आहेत, ते पाठच करा. खोकला किंवा ताप असलेलं मूल शांत असताना मोजायचं, रडताना नाही.
- दोन महिन्यांच्या आतलं बाळ : ६० किंवा जास्त असेल तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर लगेच दवाखाना.
- दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात.
- एक ते पाच वर्षं : ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात.

मुलाचं झबलं वर करून बघा. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा. "बाळाचं पोट उडतंय" असं आया म्हणतात, तेव्हा त्या बहुतेक वेळा हेच सांगत असतात. त्यांचं ऐका.

हे काम मोठ्या डॉक्टरचंच आहे असं वाटत असेल, तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या खेड्यांत मुलांचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्याच लोकांना शिकवलं. त्यांत दायाही होत्या. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधं साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर श्वास जोरात आहे. गावातच वेळेवर औषध मिळू लागलं आणि मुलांचे मृत्यू कमी झाले. १९९० साली हा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. पाटी-पेन्सिल न धरलेल्या बाईला जे जमलं, ते बारावी होऊन नर्सिंगला गेलेल्या आपल्या मुलीला का जमू नये?

नाडी, ताप, बीपी, ऑक्सिजन

नाडी: अंगठ्याच्या बाजूनं मनगटावर आपली मधली तीन बोटं हलकी ठेवा. आपला अंगठा ठेवू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. एक मिनिट मोजा. मोठ्यांची आरामातली नाडी ६० ते १००. आकड्याबरोबर ती भरलेली लागते की दोऱ्यासारखी बारीक, सारखी चालते की मध्येच चुकते, तेही लिहा. बारीक आणि जलद नाडी, गार घामेजलेले हातपाय आणि गुंगी हे एकत्र दिसलं तर रुग्ण कोसळतो आहे असं समजा.

ताप: डिजिटल थर्मामीटर घ्या, काच फुटून पारा सांडायचा धोका नको. काखेतला घाम पुसून टोक मधोमध ठेवा, हात दाबून धरा, आवाज येईपर्यंत थांबा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून कुठे लावला ते लिहा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे ताप. तान्ह्या बाळाचं अंग ९७.७ पेक्षा गार लागणं हेही तापाइतकंच काळजीचं आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून पांघरा आणि दवाखाना गाठा. म्हातारी माणसं आणि मधुमेही यांना मोठा आजार असूनही ताप येत नाही, असं होतं. "ताप नाही ना, मग काही नाही" हे धोक्याचं वाक्य आहे.

बीपी: बीपी घेण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवी करून यायला सांगा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, स्वेटरवरून नाही. दंड छातीच्या पातळीला आणि आधारावर हवा. १४०/९० किंवा जास्त आलं तर थोडं थांबून पुन्हा घ्या, पण एका दिवसाच्या आकड्यावर "तुम्हाला बीपी आहे" असं जाहीर करू नका. दोन अपवाद आहेत. गरोदर बाईचं १४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी दवाखान्यात. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय असं ती म्हणत असेल तर त्याच क्षणी. आणि वरचा आकडा ९० च्या खाली आला, माणूस घामाघूम किंवा गुंगीत असेल, तर तेही लगेच.

ऑक्सिजन: करोनात बोटाला लावायचं मशीन घरोघर आलं. बोट गार असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. आणखी एक गोष्ट पुस्तकात ठळक लिहिलेली नसते. काळ्या-सावळ्या कातडीवर हे मशीन कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं. म्हणून ९५ किंवा जास्त आकडा चांगला असला, तरी रुग्णाला धाप लागत असेल तर धापेवर विश्वास ठेवा. ९४ किंवा कमी असेल तर डॉक्टरांना कळवा. ९० च्या खाली असेल तर वेळ घालवू नका.

रंगाचंही तसंच आहे. "चेहरा फिकट पडला, ओठ निळे पडले" अशी पुस्तकातली वर्णनं गोऱ्या कातडीवरून लिहिलेली आहेत. आपल्या माणसांचा रंग चेहऱ्यावर शोधू नका. रक्त कमी आहे का हे खालची पापणी ओढून, जीभ आणि तळहात पाहून कळतं. कावीळ दिवसाच्या उजेडात डोळ्याच्या पांढऱ्या भागात दिसते, पिवळ्या बल्बखाली नाही. निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला बघा.

लिहिणं आणि सांगणं

मोजलेलं तिथल्या तिथे वहीत लिहा. तारीख, वेळ, नाव, वय, आकडे आणि काय दिसलं. जे दिसलं तेच लिहा, अंदाज लिहू नका. "न्यूमोनिया" असं लिहू नका, "श्वास ३४, बोलताना धाप" असं लिहा. आजाराचं नाव ठरवणं डॉक्टरचं काम आहे. जे मोजलं नाही त्यापुढे "मोजलं नाही" असं लिहायला लाजू नका. तासाभरानं पुन्हा मोजा. दोन वेळच्या आकड्यांवरूनच माणूस सुधारतोय की खालावतोय ते दिसतं.

मग सांगणं. फोनवर रडत "लई सिरीयस आहे हो, लवकर या" म्हटलं, तर पलीकडच्याला काही कळत नाही. असं सांगा:

"मी रांजणगाव एमआयडीसीजवळच्या वस्तीतून बोलतेय. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. बासष्ट वर्षांच्या बाई आहेत, साखरेचा आजार आहे. तीन दिवस ताप-खोकला, आज सकाळपासून धाप. श्वास ३४, नाडी ११८, काखेतला ताप १०१, ऑक्सिजन ८९. हाक मारल्यावर डोळे उघडतात, पण भलतंच बोलतात. उशीला टेकवून बसवलंय. गाडी पाठवा, मी रस्त्यावर माणूस उभा करते."

कोण बोलतंय, आत्ता काय आहे, आधीचं काय, मी काय मोजलं आणि मला काय हवंय, असे हे पाच भाग. एवढं अर्ध्या मिनिटात होतं. १०८ ची गाडी फुकट असते, आणि आकडे तयार असले तर पुढचे प्रश्न कमी होतात. दवाखान्याच्या दारातही तोच कागद पुढे करा. वस्तीतली माणसं अडाणी, घाबरट, असं समजून हाकलणारे आजही भेटतात. त्यांच्याशी भांडण्याआधी त्यांच्यासमोर वेळ घालून लिहिलेले आकडे ठेवा. लिहिलेल्या कागदाला "काही नाही, घरी जा" म्हणणं अवघड जातं.

आपली हद्द

वस्तीत मागणी होणार: "ताई, एक सुई मारून टाक", "ग्लुकोजची बाटली लाव, बरं वाटेल". नाही म्हणायला शिका. विद्यार्थिनीनं घरी इंजेक्शन, सलाइन द्यायचं नाही, गोळ्या सुरू किंवा बंद करायच्या नाहीत. बघणं, मोजणं, लिहिणं आणि वेळेवर पाठवणं एवढंच तुमचं काम आहे, आणि ते लहान नाही. दुसरी हद्द जिभेची. कोणाची पाळी चुकली, कोणाला टीबी आहे, कोण मार खाऊन आलं, हे नळावर बोलायचं नाही. एकदा बाहेर फुटलं की वस्ती तुम्हाला पुन्हा खरं सांगणार नाही.

हे दिसलं तर थांबू नका, १०८ लावा

- श्वासाला धाप, वाक्य पूर्ण न होणं, मुलाच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं
- छातीत दाब किंवा कळ, सोबत घाम
- तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं बोबडं. शेवटचं नीट कधी होतं ती वेळ लिहा.
- बेशुद्धी, झटका, नव्यानं आलेला गोंधळ
- बाळंतिणीला ताप, धाप, जास्त अंगावरून जाणं, घाण वास
- गरोदर बाईला रक्तस्राव, झटका, बाळ कमी हलणं
- तान्हं बाळ दूध न ओढणं, निपचित पडणं, अंग गार पडणं
- मधुमेही माणसाला घाम, थरथर, भलतंच बोलणं. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच आधी साखर द्या.
- साप चावणं, विष पोटात जाणं, भाजणं

वरची बाळंतिणीची ओळ पुन्हा वाचा. काठेवाडातल्या त्या बाईला धाप होती, अंगातलं बळ गेलं होतं. आज आपल्या वस्तीत अशी बाई दिसली, तर तिच्याजवळ बसून मोजणारी आणि फोन करणारी एक मुलगी घरातच असायला हवी.

सराव

एक घड्याळ आणि एक वही पुरे. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटं थांबा. प्रत्येकानं शेजारच्याचा श्वास आणि नाडी मोजून लिहायची, मग दुसऱ्यानं तेच पुन्हा मोजायचं. दोघांचे आकडे जुळेपर्यंत. घरी आजी-आजोबा, लहान मुलं बरी असतानाच मोजून ठेवा. बरं असतानाचा आकडा माहीत असेल तर आजारपणातला फरक चटकन कळतो.

विनयात शुश्रूषा करणाऱ्याचेही गुण दिले आहेत. त्याला औषधाचं बघता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, त्यानं लोभानं नव्हे तर मैत्रीनं सेवा करावी, मळमूत्राची, थुंकीची, वांतीची किळस करू नये, आणि आजारी माणसाला धीर द्यावा. मुलींनो, परीक्षेत हे विचारणार नाहीत. पण शेजारच्या काकू पुन्हा दारात आल्या की चहाचा कप खाली ठेवा, सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या, हात धुवा आणि जा. आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजा.

जय भीम.